उरल्यासुरल्याची चव

बेळगावात चहा घेणार की कॉफी, या प्रश्नाच्या उत्तरावरून पूर्वी माणूस कुठल्या बाजूचा हे बरंचसं ओळखता यायचं. मराठी घरं चहाची, आणि उत्तर कर्नाटकातली कानडी घरंही बहुतेक चहाचीच. कॉफी म्हणजे म्हैसूर-बंगळूरकडून बदलीवर आलेल्या साहेबांचं बिऱ्हाड, तिथला पितळी फिल्टर आणि डिकाशन, नाहीतर मग उडपी हॉटेल. आमच्या घरांत कॉफी व्हायची ती क्वचित. चहा नको म्हणणारं कुणी वडीलधारं आलं, किंवा घरात कुणाला सर्दी-ताप झाला तर. तीही दुधातच उकळलेली, साखर सढळ हाताने आणि वरून जायफळ किसून. म्हैसूरकडच्या शेजारणीला ती दिली की ती पिऊन हसायची, म्हणायची, छान आहे हो, पण ही कॉफी नव्हे, ही बासुंदी! आणि तिची ती कडू, काळपट कॉफी आमच्या घशाखाली उतरत नसे.

दोन्हीकडच्यांची खात्री एकच, की आपली ती खरी. हे काही बेळगावपुरतं नाही. जगात जिथे जिथे कॉफी पितात तिथे तिथे ‘खरी कॉफी’ आपल्याच गावात मिळते. पण ही खरी चव आली कुठून याचा माग काढत गेलं, तर एक गंमत दिसते. बहुतेक ठिकाणी ती कुणी आवडीने निवडलेलीच नसते. जे हाताशी उरलं, जे परवडलं, त्यात घरातल्या बाईने काहीतरी भागवलं, आणि दोन-तीन पिढ्यांनी त्यालाच परंपरा हे नाव मिळालं.

सुरुवात येमेनपासून करायला हवी. कॉफीचं झाड मूळचं इथिओपियातलं, पण भाजलेल्या कॉफीचं पेय म्हणून पहिला नीट माग लागतो तो पंधराव्या शतकातल्या येमेनमध्ये. तिथले सूफी रात्रीच्या जपाला झोप येऊ नये म्हणून ती पीत. पुढे दीड-दोनशे वर्षं जगाला विकली जाणारी कॉफी जवळजवळ सगळी येमेनच्या डोंगरातून उतरत होती आणि मोखा बंदरातून जहाजात चढत होती. आता असं वाटेल, की जिथे कॉफी पिकते तिथली माणसं सर्वांत उत्तम कॉफी पीत असतील. तसं नाही. येमेनी घराघरांत आजही जे पेय मुरलेलं आहे त्याचं नाव ‘किश्र’. किश्र म्हणजे साल. कॉफीचं लाल फळ वाळवून आतली बी काढून घेतली की जे टरफल उरतं, ते आलं किंवा सुंठ घालून, कधी दालचिनी घालून उकळतात. रंग चहासारखा, चव किंचित आंबूसगोड. बी विकली की पैसे येतात. सालीला बाजारात कोण विचारतो? म्हणून बी बोटीत गेली आणि साल चुलीवर आली.

आपल्याला हे नवीन नाही. चांगले आंबे पेटीत भरून बाजारात आणि डागी आंब्यांचा रस घरात, हे आंबेवाल्यांच्या घरी काय चालतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पण मौज अशी, की तीच साल आता युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत ‘कास्कारा’ या स्पॅनिश नावाने विकायला आहे, आणि स्वस्त मुळीच नाही.

येमेन सोळाव्या शतकात उस्मानी तुर्कांच्या ताब्यात गेला आणि कॉफी इस्तंबूलला पोचली. 1555 च्या सुमारास अलेप्पो आणि दमास्कस इथल्या दोघांनी तिथे कॉफीची दुकानं काढली. माणसं तिथे बसून गप्पा मारतात, त्या गप्पा राज्यकारभारावर घसरतात, हे सुलतानांना खुपलं. चौथ्या मुरादने 1633 मध्ये बंदी घातली. बंदी टिकली नाही, कॉफी टिकली. इतकी, की तुर्की भाषेत सकाळच्या न्याहारीला जो शब्द आहे, ‘कहवाल्ती’, त्याचा मूळ अर्थच ‘कॉफीच्या आधीचं’. तपकिरी रंगालाही ते कॉफीचा रंग म्हणतात.

तिथली कॉफी पिठासारखी बारीक दळलेली, लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात मंद आचेवर फेस येईतो चढवलेली, गाळ कपातच सोडलेली. ती नीट करणं हे मुलीचं कसब मानलं जातं. मुलगी मागायला मुलाकडची मंडळी येतात तेव्हा कॉफी तिनेच करून आणायची, फेस मोडू न देता. आपल्या पोह्यांच्या कार्यक्रमाचीच ही बहीण. फरक एक आहे. मुलगी नवऱ्या मुलाच्या कपात साखरेऐवजी मीठ घालते, आणि त्याने तोंड वाकडं न करता तो कप संपवायचा असतो. म्हणजे एका कपापुरती का होईना, तिथे मुलाचीही परीक्षा होते. आपल्याकडच्या पोह्यांत असं काही घालायची पद्धत कशी नाही पडली, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

तर असा हा कॉफीवेडा देश. आज मात्र तिथे गेलेल्या माणसाला दिवसभर काय पाजतात? चहा! कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यातून, दुधाशिवाय. माणशी चहा पिण्यात तुर्कस्तान आज जगात अगदी वरच्या क्रमांकाला आहे. आणि हा चहा काही जुना नाही. पहिल्या महायुद्धात साम्राज्य मोडलं, येमेन हातचा गेला, कॉफी परदेशी पैसे मोजून आणायची वस्तू झाली. टंचाईत हरभरे भाजून त्यांचीही कॉफी झाली. मग नव्या सरकारने काळ्या समुद्राच्या काठच्या पावसाळी रिझे भागात चहाची लागवड वाढवली, 1947 मध्ये तिथे कारखाना उभा राहिला, आणि एका पिढीत सारा देश चहावर आला. कॉफी उरली सणासमारंभाला आणि मुलगी पाहायला. 2013 मध्ये युनेस्कोने तुर्की कॉफीच्या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. रोजची ती उरली नाही, म्हणूनच तिला असं जपावं लागलं असेल.

युरोपात कॉफी आली ती पुरुषांची होऊन. लंडनमध्ये 1650 नंतर कॉफीची दुकानं निघाली. तिथे व्यापार, बातम्या, वादविवाद, सगळं चाले. बायका असत त्या गल्ल्यावर किंवा वाढायला. बसून गप्पा मारायला नव्हेत. 1674 मध्ये तिथे बायकांच्या नावाने एक पत्रक निघालं, की या काळ्या पाण्याने आमचे नवरे निकामी आणि बडबडे झालेत. ते खरोखर बायकांनीच लिहिलं की कुणा थट्टेखोर पुरुषाने, यावर जाणकारांत मतभेद आहेत. वाचताना मला तरी पुरुषाचाच हात वाटतो. जर्मनीतल्या बायकांनी याहून शहाणपणाचं केलं. दुकानात जागा नाही ना, मग आळीपाळीने एकमेकींच्या घरी दुपारची कॉफी. आपल्या भिशीच्या दुपारीच त्या.

या जर्मन घरांतूनच आपल्या गोष्टीतला मोठा धागा निघतो. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याला कॉफीचा राग. बी परदेशातून येते, पैसा बाहेर जातो. 1777 मध्ये त्याने प्रजेला बजावलं, की आपले बापजादे बिअरवर वाढले, तुम्हीही बिअर प्या. कुणी ऐकलं नाही. तेव्हा 1781 मध्ये त्याने कॉफी भाजण्याचा हक्कच सरकारकडे घेतला, आणि लपून भाजणारी घरं हुडकायला निवृत्त सैनिक नेमले. त्यांचं काम काय, तर गल्लोगल्ली फिरून वास घ्यायचा! श्रीमंतांना परवाना मिळे. बाकीच्या बायकांनी काय केलं असेल? ज्याचा वास पकडला तरी गुन्हा होत नाही असं काहीतरी भाजायला घेतलं. बार्ली, राय, एकोर्न, आणि सर्वांत जास्त करून चिकोरी.

चिकोरी हे निळ्या फुलांचं झुडूप. त्याचं मूळ गाजर-मुळ्यासारखं जमिनीत जाड वाढतं. ते खणून, धुऊन, कापून, वाळवून भाजलं की कॉफीसारखा रंग आणि कडवटपणा येतो, फक्त तरतरी आणणारं कॅफीन त्यात नसतं. 1806 मध्ये नेपोलियनने इंग्लंडशी व्यापार बंद पाडला, वसाहतींतून येणारी कॉफी आटली आणि फ्रान्सही चिकोरीवर आला. पुढे नेपोलियन गेला, बंदी उठली, बंदरांत कॉफीची पोती आली. पण फ्रेंचांच्या कपातली चिकोरी गेली नाही! जिभेला तो जाडसर कडवटपणा लागला होता. फ्रेंच वस्ती असलेल्या अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये यादवी युद्धाच्या नाकेबंदीत तेच झालं, आणि तिथले लोक आज चिकोरीची कॉफी अभिमानाने गावची म्हणून पाजतात.

तीच चिकोरी इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली. लोण्यामुळे आपल्याला ठाऊक असलेलं पॉलसन हे नाव मुंबईत आधी कॉफीचं होतं. पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी गृहस्थांनी चिकोरी मिसळलेली कॉफी विकून धंद्याचा पाया घातला. आता तर चिकोरी गुजरातेत, आणंद आणि जामनगरकडे पिकते, म्हणजे बडोद्याच्या आपल्या मंडळींच्या अगदी शेजारी. दक्षिणेत ज्या फिल्टर कॉफीला अस्सल म्हणतात तिच्यातही बहुतेक घरांत वीस-तीस टक्के चिकोरी असतेच. तिने डिकाशन दाट उतरतं, रंग चढतो आणि पुडी स्वस्त पडते. म्हणजे आमची म्हैसूरची शेजारीण जिला खरी कॉफी म्हणत होती, तिच्यात नेपोलियनच्या नाकेबंदीचा वाटा होता. हे तिला सांगायची माझी छाती झाली नसती.

आपल्या जैन घरांसाठी इथे एक वेगळीच मेख आहे. कांदा, बटाटा, मुळा, गाजर वर्ज्य करणाऱ्या घरात कॉफीची पुडी मात्र बिनदिक्कत येते, आणि चिकोरी तर सरळसरळ कंदमूळ! कुणी म्हणतं, हळद आणि सुंठही जमिनीतलीच, वाळलेली म्हणून चालते, मग हीही चालावी. कुणी म्हणतं, हळद-सुंठ औषधापुरती चिमूटभर, ही तर रोज कपभर. ज्याचा त्याचा नियम, मी त्यात पडत नाही. पण पुडीवर काय लिहिलंय ते वाचता यावं. आपल्या कायद्याने मिश्र कॉफीत चिकोरी 49 टक्क्यांपर्यंतच घालता येते, आणि कॉफी किती, चिकोरी किती हे पाकिटावर छापावंच लागतं. अक्षर बारीक असतं, चष्मा लावून वाचावं. ज्यांना नको त्यांच्यासाठी निव्वळ कॉफीची पुडीही मिळते.

उरलेल्याची चव प्रत्येक वेळी गोड मानून घेतली जाते असं मात्र नाही. 1975 मध्ये ब्राझीलमध्ये मोठं दहिवर पडलं, कॉफीचे मळे करपले, जगभर भाव चढले. पूर्व जर्मनीच्या सरकारकडे परदेशी पैशांचा दुष्काळ. 1977 मध्ये त्यांनी निम्मी कॉफी आणि निम्मं वाटाणे, राय वगैरे असं मिश्रण बाजारात आणलं. लोकांनी काय पत्रं पाठवली! चव वाईट, यंत्रं तुंबतात, आणि मुख्य म्हणजे आमची फसवणूक का? त्यांच्याच पणज्यांनी बार्ली-चिकोरी भाजली होती. मला वाटतं फरक एवढाच, की तेव्हा ते मिश्रण बाईने स्वतःच्या चुलीवर, स्वतःच्या अकलेने केलं होतं, आणि आता ते वरून आलं होतं. भिंतीपलीकडच्या पश्चिम जर्मनीतले नातलग पार्सलातून अस्सल कॉफी पाठवत होते, ती गोष्ट वेगळीच. अखेर ते मिश्रण मागे घ्यावं लागलं. मग पूर्व जर्मनीने 1980 मध्ये व्हिएतनामशी करार करून तिथे कॉफीची लागवड वाढवायला पैसा आणि यंत्रं दिली. झाडं भरघोस फळायला लागेपर्यंत पूर्व जर्मनी हा देशच उरला नाही. व्हिएतनाम मात्र आज ब्राझीलच्या खालोखाल जगात दुसऱ्या क्रमांकाला आहे.

व्हिएतनाममध्ये कॉफीत घट्ट गोड डब्यातलं दूध घालतात, कारण ताजं दूध तिथे फारसं नव्हतंच. हनोईत 1946 च्या टंचाईत तेही मिळेना, तेव्हा एका हॉटेलातल्या माणसाने अंड्याचा बलक फेटून घातला. ती अंडा-कॉफी आज तिथे पाहुण्यांना मुद्दाम दाखवतात. आपल्या उपयोगाची नाही, पण टंचाई माणसाला काय काय सुचवते!

आता आपल्या किनाऱ्याकडे. बाबा बुदन यांनी मोखाहून सात बिया लपवून आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. तिथली कॉफी इंग्रजी अमलात मंगळूरहून शिडाच्या जहाजांनी आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जायची. पाच-सहा महिने खारट दमट हवेत बी फुगायची, पिवळी पडायची, तिचा आंबटपणा जायचा. 1869 मध्ये सुवेझचा कालवा झाला, आगबोटी आल्या, कॉफी ताजी हिरवी पोचू लागली. तर उत्तर युरोपातली गिऱ्हाइकं म्हणे तक्रार करू लागली, की ही आमची नेहमीची कॉफी नव्हे! तेव्हापासून मंगळूरकडच्या वखारींत बी पसरून तिला मुद्दाम पावसाळी वारं खाऊ घालतात. खराब झालेला माल हीच तिथल्यांची आवड बनली, आणि ती खराबी आता आपण मेहनत घेऊन करतो, जादा भावाने विकतो.

आणि आपली स्वतःची चहा-कॉफीची सवय? तीही उरलेल्या मालाचीच. 1930 च्या मंदीत परदेशी गिऱ्हाईक आटलं तेव्हा मळेवाल्यांना देशातली माणसं आठवली. चहावाल्यांनी गावोगाव गाड्या नेऊन फुकट चहा पाजला, घरोघरी जाऊन बायकांना चहा कसा करायचा ते दाखवलं. कॉफीवाल्यांच्या सेस कमिटीने 1936 मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाऊस उघडलं. आपल्या बाजूला चहाचा जोर जास्त पडला. दक्षिणेत कॉफी आधीच घरात शिरली होती. तिथेही ती साधी शिरली नाही. मद्रासकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉफीने जुनी नीराहाराची, म्हणजे रात्रीच्या भाताच्या पाण्याची न्याहारी घालवली म्हणून केवढी ओरड झाली, आणि त्यात दोष अर्थात बायकांचा. ताज्या निरशा दुधाची कॉफी हे वरच्या जातीचं, चहा हा मजुरांचा, अशी वाटणी पडली. हॉटेलांवर ‘ब्राह्मण’ असे फलक लागत. 1957 मध्ये पेरियारांच्या अनुयायांना त्या फलकांविरुद्ध मद्रासमध्ये आंदोलन करावं लागलं. त्याच वर्षी कॉफी हाऊसमधून काढून टाकलेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था काढून ती दुकानं स्वतः चालवायला घेतली.

चहा शिकवायला आलेल्यांना आपल्या बायकांचं दूध आणि मसाला सढळ घालणं पसंत नव्हतं. पत्ती वाया जाते, कमी खपते. कुणी ऐकलं? जायफळाची कॉफी मला त्याच हाताची वाटते. पुडी महाग, म्हणून चमचाभर. दूध घरचं, म्हणून पेलाभर. आणि दूध आटवून गोड केलं की त्यात जायफळ पडणार हे आपल्या स्वयंपाकघरात ठरलेलंच. ज्या बाईने ती पहिल्यांदा केली तिने कॉफी पूर्वी प्यायली असेल असंही नाही.

आज भारतात पिकणारी बहुतेक कॉफी बाहेरच जाते, सर्वांत जास्त इटलीला, तिथल्या एस्प्रेसोवरचा फेस आपल्या रोबस्टाने चांगला येतो म्हणून. कोडगू आणि मलनाडमधल्या घरांत मात्र बिनदुधाची, गुळाची ‘बेल्ला कापी’ चाले. येमेनचंच हे दुसरं रूप, फक्त इथे साल नव्हे, साखरेऐवजी गूळ.

याला अपवाद म्हणावा असा देश म्हणजे जिथून झाड निघालं तो इथिओपिया. गरीब देश, परदेशी पैशाची गरज मोठी, तरी पिकलेल्या कॉफीतली निम्म्याच्या आसपास ते स्वतःच पितात. घरातली बाई जमिनीवर गवत पसरते, धूप लावते, हिरव्या बिया सगळ्यांसमोर तव्यावर भाजते आणि धुराचा वास घ्यायला ते भांडं प्रत्येकापुढे फिरवते. मग कुटायचं, मातीच्या सुरईत उकळायचं, कान नसलेल्या छोट्या कपांत ओतायचं. त्याच चोथ्यावर पाणी घालून तीन वेळा. पहिली अबोल, दुसरी तोना, तिसरी बराका. तिसरी पाणीदारच असते, पण बराका म्हणजे आशीर्वाद, तेव्हा ती घेतल्याशिवाय कुणी उठत नाही. या सगळ्याला तास-दीड तास लागतो, आणि तेवढा वेळ शेजारपाजारच्या बायका तिथेच असतात.